प्ले जिम घेताना: आधी कमानीखाली स्वतः झोपून बघा

(हे या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जवळपास जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय बाळांच्या प्ले जिमचा. ज्यांनी ही वस्तू बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीवर अंथरायची एक चटई, तिच्यावर एकमेकींना छेदून जाणाऱ्या दोन कमानी, आणि कमानींना लटकवलेली चार-पाच खेळणी. बाळ खाली उताणं पडतं, वर बघतं, हातपाय झाडतं. झालं, एवढंच. पण हीच वस्तू ऑनलाइन शोधायला गेलात की हजार-बाराशेपासून पंधरा हजारांपर्यंत काहीही समोर येतं, आणि प्रत्येकावर लिहिलेलं असतं की याने बाळाच्या मेंदूचा विकास होतो. बारशाला काय द्यायचं असा प्रश्न पडलेले आत्या-मामा लोक तिथेच अडकतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे मेसेज त्याबद्दलच होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बालविकासाची तज्ज्ञ नाही. पण आमची मुलगी ३३व्या आठवड्यात जन्मली, म्हणजे सात आठवडे आधी. त्यामुळे या साध्या वस्तूकडे मला जरा वेगळ्या नजरेने बघावं लागलं, आणि ते बघणं पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आईबाबांनाही कामाचं वाटेल म्हणून सांगतेय.

पहिली गोष्ट खोक्यावरच्या वयाची. ‘० महिने आणि पुढे’, ‘३ महिने आणि पुढे’ असं जे छापलेलं असतं ते वेळेवर जन्मलेल्या बाळाचं वय. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय डॉक्टर दोन तऱ्हेने मोजतात. एक जन्मतारखेपासूनचं, आणि दुसरं सुधारित, म्हणजे जितके आठवडे आधी जन्मलं तितके वजा करून. आमची तारखेने चार महिन्यांची होती तेव्हा सुधारित वय होतं जेमतेम अडीच महिने. नातेवाईक मात्र तारखेवरच बोट ठेवतात. “चार महिने झाले ना, अजून पालथी नाही पडत?” हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याची मोजदाद नाही. पालथं पडणं साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान येतं, आणि आमच्या हिशोबात ते सुधारित चार ते सहा. हे वजाबाकीचं गणित मुलं दोन वर्षांची होईपर्यंत करायचं असतं. खेळणं निवडतानाही तेच वय धरा.

आता डोळ्यांबद्दल, कारण प्ले जिमचा पहिल्या दोन-तीन महिन्यांतला सगळा उपयोग डोळ्यांशीच असतो. आमच्यासाठी तो विषय नाजूक होता. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते, आणि वेळेत कळलं तर उपचार होतात. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं बाळ असेल तर प्ले जिम राहू द्या, आधी ही तपासणी झाली आहे का ते बघा. आमच्या मुलीची तीनदा झाली. दर वेळी डोळ्यांत थेंब घालून तासभर बाहेर बसायचं, आणि आत काय सांगतील याची वाट बघायची. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, “पडदा पूर्ण झालाय, आता यायची गरज नाही.” त्यामुळे ‘तिला दिसतंय का, ती बघतेय का’ हा माझ्या डोक्यातला प्रश्न हौसेचा नव्हता.

नवजात बाळाला जवळचं दिसतं, साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं. दूध पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढंच. रंगांतले बारीक फरक सुरुवातीला कळत नाहीत. काळं-पांढरं, ठळक रेषा, चौकटी, वर्तुळं हे मात्र दिसतं. १९६० च्या आसपास रॉबर्ट फँट्झ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे फार सोप्या पद्धतीने दाखवून दिलं. बाळाला उताणं ठेवायचं, वर दोन चित्रं धरायची, आणि एका छोट्या छिद्रातून बघायचं की बाळाच्या बुबुळावर कुठल्या चित्राचं प्रतिबिंब जास्त वेळ राहतंय. बाळं कोऱ्या रंगीत पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे जास्त वेळ बघत होती. तोवर अनेकांची समजूत होती की तान्ह्या बाळाला धड काही दिसतच नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची ही रीत मला इंजिनिअर म्हणून प्रचंड आवडते.

आता हे डोक्यात ठेवून दुकानातली जिम बघा. हल्ली फॅशन आहे फिकट बदामी, फिकट गुलाबी, राखाडी रंगांची. हॉलमध्ये सोफ्याला मॅच होतात, फोटो छान येतो. पण दीड महिन्याच्या बाळाला फिकट बदामी चटईवर टांगलेला फिकट बदामी ढग म्हणजे काहीच नाही. तो ढग तुमच्यासाठी आहे. अशी जिम भेट आली असेल तर फेकू नका. काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या कागदाचे पट्टे चिकटवा आणि तळहाताएवढी दोन कार्डं चटईच्या कडेला उभी करा, काम झालं. आमच्याकडे जिम यायच्या आधी अशीच दोन कार्डं होती. सुधारित सहा आठवड्यांची असताना एका दुपारी मी कार्ड हळूहळू डावीकडून मध्यावर आणलं आणि तिचे डोळे त्याच्याबरोबर आले. मी ते अकरा वेळा करून बघितलं. एकदा चाललं म्हणून टेस्ट पास असं आमच्या धंद्यात मानत नाहीत.

जिम निवडायची माझी खरी कसोटी मात्र वेगळी आहे. दुकानात गेलात तर चटईवर स्वतः उताणे झोपा. लोक बघतील, बघू देत. मी झोपले, नवरा शेजारी पिशव्या धरून अनोळखी असल्यासारखा उभा राहिला. खालून काय दिसतं? हत्तीचे तळपाय. माकडाचं बूड. बहुतेक लटकती खेळणी अशी शिवलेली असतात की त्यांचा चेहरा उभ्या माणसाकडे असतो, कारण पैसे उभा माणूस देतो. ज्याला ते बघायचंय तो खाली झोपलेला असतो, आणि त्याच्या वाट्याला हत्तीचं पोट येतं. खालच्या बाजूला चेहरा किंवा नक्षी असलेली खेळणी मिळतात, पण शोधावी लागतात. नाही मिळाली तर खेळणं आडवं बांधता येतं. ऑनलाइन घेताना हे कळत नाही, म्हणून ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. कुणी ना कुणी बाळाच्या बाजूने काढलेला असतो.

त्याच वेळी अंतरही बघा. खेळणं बाळाच्या चेहऱ्याच्या बरोबर वर नको, छातीच्या वर हवं. अगदी नाकासमोर टांगलेल्या वस्तूला हात मारायला बाळाला जमत नाही, आणि सुटलं तर तोंडावरच पडतं. साधारण तीन महिन्यांपासून बाळ हात फेकायला लागतं, चार-पाचव्या महिन्यात नेम धरून पकडतं. त्यामुळे खेळण्याची उंची कमी-जास्त करता आली पाहिजे. कमानीवर कायमची शिवलेली खेळणी असतील तर ते जिम मी घेणार नाही. कड्यांना अडकवता येणारी, काढता येणारी, जागा बदलता येणारी हवीत. ही एक अट पाळली तर बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप सुटतात.

जागा बदलता येण्याचं महत्त्व आम्हाला एका अगदी ठोस कारणाने कळलं. फॉलोअपला गेलो तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं की मुलगी सारखी उजवीकडेच मान ठेवते. डोक्याची उजवी मागची बाजू किंचित चपटी दिसायला लागली होती. पूर्ण वाढ व्हायच्या आधी जन्मलेल्या, बराच काळ अतिदक्षता विभागात झोपून काढलेल्या बाळांमध्ये हे बरंच दिसतं. मानेचा स्नायू आखडलेला आहे का ते त्यांनी तपासलं. मान डावीकडे पूर्ण वळत होती, फक्त सवय उजवीकडची होती. त्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे उजवीकडचं सगळं काढून टाका, आवडीचं खेळणं डावीकडे अडकवा, आणि तुम्ही बोलायलाही डावीकडूनच बसा. खिडकी कुठल्या बाजूला येते तेही बघायला सांगितलं, कारण बाळं उजेडाकडे वळतात. आम्ही चटईची दिशाच फिरवली. दोन महिने हे चाललं. मान मध्यावर यायला लागली, आणि पुढे डोक्याचा आकारही पुष्कळ भरून आला. तुमच्या बाळाची मान एकाच बाजूला राहात असेल तर हे ऐकून घरी उपाय करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आखडलेल्या स्नायूची गोष्ट वेगळी असते.

आता पियानोवाल्या जिमकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त खप त्यांचाच दिसतो. पायाशी एक पियानो, बाळाने लाथ मारली की सूर वाजतो, दिवे लागतात. कल्पना वाईट नाही. उलट तिच्या मागे एक सुंदर गोष्ट आहे. कॅरोलिन रोव्ही-कोलियर नावाच्या अमेरिकी संशोधक पीएचडीचं काम करत होत्या आणि घरी त्यांचं तान्हं बाळ रडत असायचं. त्यांनी बाळाच्या पायाला एक रिबीन बांधून दुसरं टोक पाळण्यावरच्या झुंबराला बांधलं. पाय हलला की झुंबर हलणार. थोड्याच वेळात बाळ मुद्दाम पाय मारायला लागलं. यातून १९६९ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, आणि पुढे त्यांनी दाखवलं की दोन महिन्यांच्या बाळाला ही युक्ती एक-दोन दिवस आणि तीन महिन्यांच्या बाळाला जवळपास आठवडाभर लक्षात राहते. (घरी रिबीन बांधू नका. तिथे समोर डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस होतं, आणि दोरी बाळाच्या शरीराला बांधणं धोक्याचंच.)

यातली मेख अशी: बाळाला मजा येते ती ‘मी केलं म्हणून झालं’ यात. म्हणून पियानो घेताना एकच बघा, लाथ मारल्याशिवाय तो वाजतो का? अनेकांना दोन मोड असतात. एकात लाथेला एक सूर, दुसऱ्यात बटण दाबलं की पंधरा-वीस मिनिटं गाण्यावर गाणं. दुसऱ्या मोडमध्ये तो पियानो नाही, रेडिओ आहे, आणि बाळाच्या लाथेचा कशाशीच संबंध उरत नाही. आवाज कमी करायची सोय नसेल तर तेही नको. साधं कापडी खेळणं, ज्याला पाय लागला की झुलतं आणि आतला खुळखुळा वाजतो, ते हेच काम बॅटरीशिवाय करतं. आम्ही पियानो घेतला नाही.

शिवाय खेळणी कमी ठेवा. खोक्यात सात आली म्हणून सात टांगायची नसतात. दोन पुरेत. लवकर जन्मलेली बाळं फार पटकन दमतात, आणि दमलं हे रडून सांगायच्या आधी वेगळ्या पद्धतीने सांगतात. नजर वळवतात, जांभई, उचकी, शिंक, बोटं ताठ फाकवणं. ‘अगं बघ ना इकडे’ म्हणत आपण खुळखुळा आणखी जवळ नेतो, तेव्हा ते खरं तर ‘बास’ म्हणत असतं. आमचा पहिला महिना तीन-चार मिनिटांच्या खेळीचा होता. नंतर दहा, नंतर पंधरा.

चटईबद्दल लोक एक चूक हमखास करतात, जाड आणि गुबगुबीत घेतात. बाळ उताणं असताना ठीक आहे, पण पालथं घालायचं ठरवलं की तोंड त्यात रुततं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांत, अजून स्वतःहून न सरकणाऱ्या बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवा असं म्हटलंय. मान धरण्यासाठी, खांद्यांच्या ताकदीसाठी, आणि डोकं चपटं होऊ नये म्हणूनही. त्यासाठी खालची बैठक घट्ट हवी. फरशीवर सतरंजी, वर एक गोधडी, वर जिमची पातळ चटई, हे आमच्याकडे उत्तम चाललं. कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या चौकोनी फरश्या घेणार असाल तर उग्र वास येणाऱ्या घेऊ नका. फॉर्मामाइड नावाच्या रसायनामुळे युरोपात त्यांच्यावर बरीच चर्चा झाली आणि खेळण्यांतल्या त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली गेली. जिमबरोबर आरसा येत असेल तर छान, पण काच नको, न फुटणारा हवा. स्वतःला ओळखणं दीड वर्षाच्या आसपास येतं, तोवर आरशात दुसरंच कुणी बाळ भेटायला आलेलं असतं.

सुरक्षेचं आता नीट सांगते, कारण माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपणार होती आणि दिवसभर मुलीजवळ सासूबाई असणार होत्या. त्यामुळे जी वस्तू घरात येईल ती माझ्या नजरेआडही धोक्याची नसावी ही माझी पहिली रिक्वायरमेंट होती.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, परदेशातून आलेल्यांनाही. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी कोण, परवाना चालू आहे का ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी एक जिम याच पायरीवर नाकारलं. नोंदणीकृत कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून चन्नपट्टणसारख्या लाकडी वस्तूवर चिन्ह नसू शकतं; तिथे रंग, कंगोरे, खिळे आपणच तपासायचे.

घरी आणल्यावर प्रत्येक खेळणं जोरात ओढा, शिवण उसवते का बघा. प्लास्टिकचे डोळे असतील तर ते खास करून ओढा. लहान तुकड्यांची प्रमाणित चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात होते. त्यात जे मावतं ते बाळाच्या घशात अडकू शकतं. आमच्याकडे सासूबाई जुन्या कॅमेरा-रोलच्या डबीत कुंकू ठेवतात, ती डबी साधारण तेवढीच असते. मी तिचा वापर करून बघितला. दोरी कुठलीच एका वितीपेक्षा लांब नको. युरोपच्या मानकात फास बसू शकेल अशा दोरीला २२ सेंटिमीटरची मर्यादा आहे, ती जवळपास एक वीतच. बॅटरीचं झाकण स्क्रूचं हवं. नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तिथे ‘बघू उद्या’ चालत नाही.

आणि एक अस्सल आपल्याकडचा धोका. एका संध्याकाळी बघते तर कमानीला काळ्या मण्यांचा लांब दोरा लटकतोय. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून बांधला होता. इतक्या कष्टाने वाचलेली नात, त्यांचा हात थरथरत होता इन्क्युबेटरमध्ये तिला पहिल्यांदा बघताना. त्या दोऱ्यामागे काय आहे ते मला कळत होतं. मी म्हटलं, “आई, हा दोरा तिच्या हाताला लागला आणि तुटला तर मणी तोंडात जातील. दुसरीकडे बांधू या का?” त्या म्हणाल्या, “मग तिच्या खोलीच्या दाराला बांधते, दृष्ट तिथूनच आत येते.” आता दाराच्या कडीला आहे. त्यांनीच मग काळ्या-पांढऱ्या सुती कापडाच्या दोन चिमण्या शिवून दिल्या, पाळण्यावर टांगायच्या पूर्वी तशा. चोच खालच्या बाजूला शिवली, मी सांगायच्या आधीच. “ती खालून बघते ना,” म्हणाल्या.

त्यांच्याशी ठरलेले नियम दोनच. जिमवर डोळा लागला तर उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवायचं, कमानीखाली झोप नाही. आणि तिथे ठेवून स्वयंपाकघरात जायचं नाही.

पैशांचं म्हणाल तर मी बघत होते तेव्हा साधी कापडी दीड-दोन हजारांत, पियानोवाली तीन-चार हजारांपर्यंत आणि लाकडी त्याहून महाग होती. आमची सोळाशेची, कापडी, दोन कमानींची. वस्तूचं खरं आयुष्य चार-पाच महिन्यांचं आहे हे लक्षात घेतलं तर पाच आकडी किंमत मला पटत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर वापरलेलं मिळालं तरी बिनधास्त घ्या, फक्त वरच्या सगळ्या ओढाताणी करून आणि गरम पाण्यात धुऊन.

कमानी कधी काढायच्या? बाळ हातांवर आणि गुडघ्यांवर शरीर उचलायला लागलं की लगेच, किंवा पाच महिन्यांपासून रोज लक्ष ठेवून. तेव्हा ते कमानीला धरून उठायला बघतं आणि कमान त्याचं वजन पेलायला बनवलेली नसते. आमची आता तारखेने साडेआठ महिन्यांची आहे, सुधारित सातच्या आसपास. पालथी पडली ती सुधारित पाचव्या महिन्यात, डाव्या कुशीवरून, चिमणीकडे बघत. गेल्या आठवड्यात चौघड्यावर आली, मी त्याच दिवशी कमानी काढून माळ्यावर टाकल्या. चटई अजून खालीच आहे. त्यावर ती असते फार तर दोन मिनिटं, मग सरळ दाराकडे.